कागदाची कड आणि फ्लॅशची राखीव जागा
वरंध घाटाच्या पायथ्याशी असलेल्या शिवथरघळीत रचला गेल्याचे परंपरा सांगते त्या दासबोधात, एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात, कागद झिजला तरी अक्षर जाऊ नये म्हणून भोवती जागा सोडण्यास सांगितले आहे. १९८७ साली तोशिबाने मांडलेल्या नँड फ्लॅश स्मृतीतही २०४८ बाइटांच्या पानामागे बहुधा ६४ बाइट राखीव असतात, ज्यांत चूकदुरुस्तीचा संकेत आणि निकामी खंडाची, म्हणजे एकदम पुसल्या जाणाऱ्या पानसमूहाची, खूण राहते. लेखनाने बिट १ वरून केवळ ० होतो, उलट बदलासाठी अख्खा खंड पुसावा लागतो, आणि अशा लिहिण्या-पुसण्याने तो झिजत जातो. म्हणून लिनक्समध्ये २००७ साली आलेला यूबीआय हा थर, ड्रायव्हरने लेखनदोष कळवताच, मजकूर दुसऱ्या खंडात हलवून संशयित खंड तपासतो. तो धडधाकट निघाल्यास ड्रायव्हरमधील वेळमर्यादा आणि वीजपुरवठा आधी तपासावा. चिपला दोष देण्याची घाई बहुधा चुकीची ठरते.