थकलेल्या धातूची दुरुस्ती : कल्पाक्कमचा धडा

लोखंडी तार दोन्ही हातांनी ओढून तोडणे बहुतेकांना जमत नाही. पण तीच तार एका जागी मागेपुढे वाकवत राहिले, तर थोड्याच वेळात तिचा तुकडा पडतो. प्रत्येक वेळी लावलेले बल किरकोळ असते. तार तुटते ती पुनरावृत्तीमुळे. धातूच्या या स्वभावाला अभियांत्रिकीत ‘थकवा’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर प्रदीर्घ प्रयोग करून त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. पुढे जिथे यंत्रे आली, तिथे हा थकवाही आला. अणुवीज केंद्रे त्याला अपवाद ठरली नाहीत.

अणुवीज केंद्रातील नळ दोन कारणांनी थकतात. एक म्हणजे कंपन. वेगाने वाहणारे पाणी नळाला सतत हादरे देत राहते. दुसरे कारण तापमानातील चढउतार. स्टेनलेस स्टील गंजत नाही, म्हणून अणुवीज केंद्रांत ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. परंतु साध्या पोलादाच्या तुलनेत ते उष्णतेने सुमारे दीडपट प्रसरण पावते आणि उष्णता मात्र फार सावकाश वाहून नेते. त्यामुळे नळाच्या आतल्या पृष्ठभागाला आलटून पालटून गरम आणि थंड पाणी लागले, तर पृष्ठभाग प्रसरण-आकुंचन पावू पाहतो आणि आतला जाड धातू त्याला अडवून धरतो. ही ओढाताण लाखो वेळा झाली की बारीक तडे उमटतात आणि त्यांतला एखादा खोल जातो.

फ्रान्समधील सिव्हो येथे १२ मे १९९८ रोजी असेच घडले. बंद केलेल्या अणुभट्टीतील उरलेली उष्णता काढून घेणाऱ्या यंत्रणेत एका वळणनळीला सुमारे १८ सेंटिमीटर लांबीचा आरपार तडा गेला आणि तासाला सुमारे ३० घनमीटर पाणी गळू लागले. गरम आणि थंड प्रवाह जिथे एकमेकांत मिसळत, नेमकी तीच ही जागा होती. दुरुस्ती करताना केवळ फुटलेली नळी बदलून भागले नाही. त्याच प्रकारच्या सर्व अणुभट्ट्यांतील तो भाग बदलण्यात आला, वेल्डचे सांधे कमी केले गेले, आतला पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला गेला. तडा पाडणारे कारण कायम ठेवून नुसता तडा बुजवला, तर तो पुन्हा येतो, हे या दुरुस्तीमागचे सूत्र होते.

सिव्होची नळी निदान माणसाच्या हाताला लागणारी होती. त्याच्या सुमारे नऊ वर्षे आधी भारतापुढे आलेला प्रश्न याहून अवघड होता. तिथे थकलेला भाग थेट अणुभट्टीच्या पोटात होता.

मे १९७४ मधील पोखरण येथील चाचणीनंतर कॅनडाने अणुसहकार्य थांबवले आणि राजस्थानातील रावतभाटा येथील अर्धवट राहिलेली दुसरी अणुभट्टी भारतीय अभियंत्यांना स्वबळावर पूर्ण करावी लागली. त्यानंतर तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे मद्रास अणुवीज केंद्राच्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. जानेवारी १९८४ मध्ये पहिलीने आणि मार्च १९८६ मध्ये दुसरीने व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास सुरुवात केली. मूळ आराखडा कॅनडाच्या पद्धतीचा असला, तरी उभारणी भारतीय होती. साहजिकच, काही बिघडले तर विचारायला जाण्यासारखे बाहेर कोणी नव्हते.

या अणुभट्टीचे हृदय म्हणजे ‘कॅलँड्रिया’ हे आडवे, दंडगोलाकृती, स्टेनलेस स्टीलचे पात्र. त्याच्या आरपार ३०६ नलिका जातात आणि त्यांत युरेनियमचे इंधन असते. नलिकांभोवती जड पाणी भरलेले असते. न्यूट्रॉनांचा वेग कमी करणे हे त्याचे काम. हे करताना ते तापते, म्हणून ते सतत बाहेर काढून, थंड करून पुन्हा आत सोडावे लागते. आत येणारा प्रवाह पात्रात नीट पसरावा, यासाठी कॅलँड्रियाच्या आतच झिरकॅलॉय या मिश्रधातूचे प्रवेश-वितरक बसवलेले होते. वर्षानुवर्षे, क्षणाचीही उसंत न घेता, ते जड पाण्याच्या प्रवाहाचा मारा सोसत होते.

१९८९ च्या सुमारास दोन्ही अणुभट्ट्यांतील हे वितरक निकामी झाले. प्रवाहाने निर्माण केलेल्या कंपनांनी धातू थकला होता. एरवी असा भाग काढून नवा बसवणे हे कारखान्यातले नेहमीचे काम. इथे मात्र अणुभट्टी बंद केल्यावरही आतला किरणोत्सार माणसाला जवळ जाऊ देणारा नव्हता आणि नलिकांच्या दाट जाळ्यातून तिथपर्यंत हत्यार नेणेही सोपे नव्हते.

तेव्हा निवडलेला मार्ग साधा, पण धाडसाचा होता. तुटलेला भाग पूर्ववत करण्याऐवजी प्रवाहाचीच वाट बदलण्यात आली. पूर्वी ज्या मार्गाने जड पाणी बाहेर पडत असे, त्या मार्गाने ते आत घेतले गेले. बाहेर काढण्यासाठी पात्राच्या तळाशी असलेल्या निचऱ्याच्या वाटा वापरल्या गेल्या. मुळात या वाटा अणुभट्टी तातडीने बंद करताना जड पाणी खाली सोडण्यासाठी ठेवलेल्या होत्या. नव्या मांडणीत पाणी पूर्वीइतके चांगले पसरत नव्हते, म्हणून उष्णताच कमी निर्माण होऊ देणे भाग होते. २२० मेगावॉट श्रेणीच्या या अणुभट्ट्यांवर १७० मेगावॉटची मर्यादा घालण्यात आली.

हा निर्णय स्वस्त नव्हता. विजेची टंचाई असलेल्या देशात दोन्ही मिळून सुमारे १०० मेगावॉट क्षमता बाजूला ठेवावी लागली. पण अशी किंमत मोजण्याची ती पहिली वेळ नव्हती. तारापूरच्या अणुभट्ट्यांत दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्यावर ती बाष्पजनित्रे वेगळी काढून क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणली गेली होती. रावतभाट्याच्या पहिल्या अणुभट्टीच्या टोकाकडील संरक्षक कवचाला १९८० च्या दशकाच्या आरंभी तडे गेले. पुढे ती १०० मेगावॉटच्या मर्यादेत चालवली गेली. तिन्ही ठिकाणी धातूची कुवत आधी मान्य केली गेली आणि विजेचा आकडा त्यानुसार ठरवला गेला.

कल्पाक्कमचा कायमचा उपाय मात्र दुसऱ्याच एका कामाच्या ओघात आला. या पिढीतील अणुभट्ट्यांच्या इंधन-नलिकांचे आयुष्य अपेक्षेपेक्षा कमी भरत होते आणि त्या सगळ्या एकाच वेळी बदलणे आवश्यक झाले होते. हे काम भारतात सर्वप्रथम रावतभाट्याच्या दुसऱ्या अणुभट्टीत झाले. १९९४ मध्ये थांबवलेली ती अणुभट्टी १९९८ मध्ये पुन्हा सुरू झाली. दूरनियंत्रित हत्यारे आणि प्रशिक्षित माणसे या कामातून तयार झाली. हाच अनुभव घेऊन २००२ मध्ये मद्रासची दुसरी आणि २००३ मध्ये पहिली अणुभट्टी नलिका बदलण्यासाठी बंद करण्यात आली.

नलिका निघाल्या, तेव्हा कॅलँड्रियाच्या आत शिरण्याची वाट आयतीच मोकळी झाली. या संधीचा लाभ घेऊन तीन इंधन-नलिकांच्या जागी ‘स्पार्जर’ बसवण्यात आले. स्पार्जर म्हणजे पात्राच्या आरपार जाणारी सच्छिद्र नळी. जड पाणी तिच्यातून आत येते आणि छिद्रांवाटे सर्वत्र पसरते. जुन्या वितरकाच्या जागी तसाच नवा वितरक बसवला असता, तर तोही त्याच माऱ्यात सापडला असता. वितरणाची पद्धतच बदलल्यामुळे थकव्याचे ते मूळ कारणही हटले. तीन नलिकांमधील इंधनाला मुकावे लागले. पण २००३ मध्ये दुसरी आणि २००६ मध्ये पहिली अणुभट्टी पुन्हा २२० मेगावॉटच्या क्षमतेला पोहोचली.

बिघाड आणि कायमची दुरुस्ती यांत चौदा ते सतरा वर्षे गेली. एवढा काळ या अणुभट्ट्या बंदही ठेवल्या गेल्या नाहीत आणि पूर्ण क्षमतेने रेटल्याही गेल्या नाहीत. अणुविज्ञानाच्या इतिहासात नव्या अणुभट्ट्यांच्या उद्घाटनांना ठळक जागा मिळते, दुरुस्त्यांच्या वाट्याला बहुधा तळटीप येते. पण नवे उभारताना आराखडा हाताशी असतो. थकलेला धातू दुरुस्त करताना आराखड्यात काय राहून गेले, ते शोधावे लागते आणि सापडेपर्यंत पन्नास मेगावॉट सोडून देण्याची तयारी ठेवावी लागते.