मुंबई हायच्या तेलाचे कूळ

खनिज तेल ज्या खडकात सापडते, तेथे ते सहसा जन्मलेले नसते. खोल गाळात तयार होऊन ते भेगांतून वर सरकते आणि एखाद्या सच्छिद्र थरात अडकते. त्याच्या मुळाचा पुरावा मात्र तेलातच असतो. ज्या वनस्पती, शैवाले आणि जिवाणू गाळात गाडले गेले, त्यांच्या काही रेणूंचे कार्बनी सांगाडे कोट्यवधी वर्षे टिकतात. त्यांना जैवचिन्हक म्हणतात. आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९३०च्या दशकात तेलात हरितद्रव्याशी नाते सांगणारी पॉर्फिरिन सापडली आणि तेल सजीवांपासून बनते, या मताला भक्कम आधार मिळाला. पुढे गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांच्या जोडीने अत्यल्प प्रमाणातले रेणूही ओळखता येऊ लागले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरचे मुंबई हाय क्षेत्र या शास्त्राच्या दृष्टीने फार बोलके आहे. तेथील उंचवटा १९६०च्या दशकात सोव्हिएत सहकार्याने झालेल्या समुद्री सर्वेक्षणात दिसला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने खोदलेल्या विहिरीत तेल लागले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. हे तेल मुख्यतः मायोसीन काळातील चुनखडीत साठले आहे, पण ते जन्मले त्याहून कितीतरी जुन्या गाळात. अहिल्यानगरजवळ भिंगारला विहीर खणताना जो काळा कातळ लागतो, त्याच दख्खनी लाव्हाने समुद्राखालच्या या खोऱ्याचा बराच तळ बनला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्हावर पुढे पन्ना शैलसमूहाचे शेल आणि कोळशाचे थर साचले. हाच या तेलाचा प्रमुख स्रोत मानला जातो.

या निष्कर्षाला रेणूंची साक्ष आहे. येथील तेलात ओलिअनेन आढळते. ते सपुष्प वनस्पतींपासून येते, म्हणून स्रोतखडक त्या वनस्पती पसरल्यानंतरचाच असला पाहिजे. होपेन जिवाणूंची, तर स्टेरेन शैवाले आणि वनस्पतींची खूण देतात. प्रिस्टेन व फायटेन यांच्या प्रमाणावरून गाळ साचताना पाण्यात प्राणवायू कितपत होता, याचा अंदाज येतो. एकच खूण दिशाभूल करू शकते. अनेक खुणा जुळल्या तरच कूळ ठरते.

हीच पद्धत किनाऱ्यावरच्या डांबरगोळ्यांच्या तपासात उपयोगी पडली. पावसाळ्यात हे चिकट काळे गोळे पश्चिम किनाऱ्यावर येतात आणि संशय लगेच मुंबई हायवर जातो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्याच्या किनाऱ्यावरचे गोळे तपासले, तेव्हा ते मुंबई हायचे नसून आग्नेय आशियाई तेलाचे, टँकर धुतल्यावर सोडलेल्या पाण्यातून आलेले ठरले. उलट जुलै २०१२ मध्ये दक्षिण गुजरातमधील उंबरगाव, नारगोल आणि तिथल या किनाऱ्यांवरून गोळा केलेल्या नमुन्यांचा माग उत्तर मुंबई हायपर्यंत पोहोचला. या तपासात २०१० मध्ये मुंबईजवळ अपघात झालेल्या ‘एमएससी चित्रा’ जहाजाच्या तेलाशीही तुलना झाली होती. सागरी प्रवाहांच्या संगणकी गणितानेही मुंबई हायकडेच बोट दाखवले.

दोन्ही निकाल तितकेच मोलाचे आहेत: एकाने निर्दोष क्षेत्राला मोकळे केले, दुसऱ्याने जबाबदारी निश्चित केली. असा निकाल देण्यासाठी संशयित तेलाची माहिती आधी हाताशी लागते. म्हणून या समुद्रातील प्रत्येक तेलक्षेत्राच्या आणि येथून जाणाऱ्या टँकरच्या तेलाची रासायनिक नोंद कायम जपली गेली पाहिजे.