अपडेटनंतर लॅपटॉपचे वायफाय गेले? कार्ड बदलण्याआधी फर्मवेअर बघा

रात्री लॅपटॉप अपडेटला लावून घरचे झोपतात. सकाळी मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसते तर कोपऱ्यातली वायफायची खूण गायब. राउटर सुरू आहे, अब्बांच्या मोबाईलवर नेट चालतंय, फक्त लॅपटॉपला काही सापडत नाही. अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली. मग लॅपटॉप पिशवीत घालून दुकान गाठले जाते आणि तिथे बऱ्याचदा एकच उत्तर मिळते: "कार्ड गेलं, बदलावं लागेल."

कार्ड जातच नाही असं नाही. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की माणसांसारखी यंत्रंही थकतात. पण काल रात्रीपर्यंत नीट चालणारे कार्ड नेमके अपडेटच्या रात्रीच जळावे, असा योग क्वचित येतो. अशा वेळी बहुतेकदा कार्ड शाबूत असते आणि त्याचे फर्मवेअर जुने राहिलेले असते.

फर्मवेअर म्हणजे खुद्द कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम. ड्रायव्हर वेगळा, तो विंडोज किंवा लिनक्सच्या बाजूने कार्डाशी बोलतो. लॅपटॉपमधली बहुतेक वायफाय कार्डे आपले फर्मवेअर कायमचे साठवून ठेवत नाहीत. लॅपटॉप सुरू झाला की दर वेळी ड्रायव्हर डिस्कवरची फर्मवेअरची फाइल उचलतो आणि कार्डात भरतो, त्यानंतर कार्ड जागे होते. अपडेटने ड्रायव्हर नवा आणला आणि फाइल जुनीच राहिली, तर दोघांचे जमत नाही. फाइल मिळालीच नाही तर कार्ड नुसता हिरवा तुकडा. मशीन उघडून पाहणाऱ्याला ते मेल्यासारखेच वाटणार.

लिनक्समध्ये हे अगदी स्वच्छ दिसते. इंटेलच्या ८२६५ या कार्डाचे उदाहरण घ्या. जुन्या ऑफिस-लॅपटॉपमध्ये ते सर्रास सापडते. त्याचा ड्रायव्हर २२ ते ३६ या क्रमांकांमधली फर्मवेअर फाइल मागतो. त्या टप्प्यातली एकही सापडली नाही तर योग्य फर्मवेअर नसल्याची नोंद करून तो गप्प बसतो. उबुंटू किंवा मिंटमध्ये 'लिनक्स-फर्मवेअर' नावाचे पॅकेज अद्ययावत केले आणि मशीन पुन्हा सुरू केले की बहुधा काम होते. डेबियनवाल्यांचा त्रास आणखी जुना. कंपन्यांचे बंद फर्मवेअर मूळ इन्स्टॉलरमध्ये द्यायचे नाही, असा त्यांचा नियम होता. २०२२ मध्ये मतदान होऊन तो बदलला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर सोबत मिळू लागले. त्याआधीची डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह कुणी अजून वापरत असेल तर वायफाय न सापडण्याचे कारण तिथेच आहे.

विंडोजमध्ये फर्मवेअरची फाइल ड्रायव्हरच्या पॅकमध्येच असते, म्हणून ती वेगळी दिसत नाही. तिथे 'जुने फर्मवेअर' म्हणजे एकतर जुना ड्रायव्हर-पॅक, नाहीतर लॅपटॉपचे मुख्य फर्मवेअर, ज्याला आपण बायोस म्हणतो.

हा त्रास आत्ताच का वाढला? १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत साथ थांबवली. बऱ्याच घरांतला लॅपटॉप सेकंडहँड, मोठ्या शहरातल्या ऑफिसातून निघालेला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरलाच चालते. त्याहून जुन्या मशीनवर दुकानदार अट चुकवून ते टाकून देतात. मशीन सुरू होते, पण दहा वर्षांपूर्वीच्या कार्डासाठी कंपनीने नवा ड्रायव्हर काढलेलाच नसतो. अशा मशीनचे वायफाय एखाद्या अपडेटनंतर रुसले तर नवल नाही. विकत घेतानाच प्रोसेसरची पिढी विचारा. रॅम किती हे तर सगळेच विचारतात.

आता घरी काय करायचे ते. आधी लॅपटॉप खरोखर पूर्ण बंद करा. विंडोजमधले साधे 'शट डाउन' बऱ्याच मशीनवर अर्धवट असते, कारण 'फास्ट स्टार्टअप' थोडी अवस्था जपून ठेवते. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा, चार्जर काढा, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग सुरू करा. एवढ्यानेही अडकलेले कार्ड कधी कधी परत येते.

नाही आले तर नेटसाठी शेजाऱ्याकडे धावायची गरज नाही. अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलवर हे होत नाही. विंडोज १०, ११ आणि लिनक्स तिघांनाही याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजमध्ये हे कनेक्शन लगेच 'मीटर्ड' करून टाका, नाहीतर दिवसभराचा डेटा अपडेटच खाऊन टाकेल. आणि मुदत जवळ असेल तर दुरुस्ती राहू द्या, आधी अर्ज भरून घ्या.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्कच्या यादीत कार्डाचे नाव दिसते, पण त्यावर पिवळी खूण आणि 'कोड १०' असेल, तर कार्ड जागेवर आहे, ते सुरू होत नाहीये एवढेच. ही चांगली खूण. तिथेच 'रोल बॅक ड्रायव्हर' चालते का बघा. नाही चालले तर लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, आपल्या मॉडेलचा नंबर टाकून, वायफायचा ड्रायव्हर घ्या. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' म्हणणारी सॉफ्टवेअर घरात आणू नका. विंडोज १० वरून ११ वर येऊन दहा दिवस झाले नसतील, तर रिकव्हरीच्या सेटिंगमधून सहसा मागे जाता येते.

कधी दोष खुद्द अपडेटचाच असतो. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर अनेक विद्यापीठांच्या वायफायला लॅपटॉप जोडले जात नव्हते. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केले आणि तो बदल दुरून मागे घेतला. घरच्या राउटरला त्याची झळ सहसा लागत नव्हती. म्हणून घरी चालते आणि कॉलेजात चालत नाही असे झाले, तर कार्डाला हात लावण्याआधी दोनचार वर्गमित्रांना विचारून बघा.

बायोस अपडेट करताना मात्र सांभाळून

ड्रायव्हरने भागले नाही तर बायोसकडे वळावे लागते. २०१७-१८ नंतरच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये वायफायचा अर्धा भाग चिपसेटमध्येच असतो आणि कार्डावर फक्त रेडिओ राहतो. तिथे बायोसचा संबंध जास्त येतो. बायोस अपडेट होत असताना वीज गेली तर लॅपटॉप पूर्ण बंद पडू शकतो. बॅटरी चांगली चार्ज करा, चार्जर लावून ठेवा आणि लोडशेडिंगची वेळ टाळा. ज्या लॅपटॉपची बॅटरी पाच मिनिटंही टिकत नाही, त्याचे बायोस घरी करूच नये.

यापेक्षा मोठा धोका दुसराच आहे आणि त्याबद्दल दुकानात क्वचितच कुणी सांगते. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते. बायोस बदलले की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात जपलेली असते. सेकंडहँड मशीनमध्ये ते खाते दुकानदाराचे निघाले तर? निकाहचे फोटो, दाखल्यांचे स्कॅन, मुलांचे प्रोजेक्ट सगळे आत अडकले. म्हणून बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर थांबवा, की कागदावर लिहून घ्या, आणि महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर काढा.

एवढे करूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचे नावच येत नसेल, तर कार्ड किंवा त्याचा सॉकेट खरंच गेलेला असू शकतो. अंतर्गत कार्ड बदलायचेच तर मेकॅनिकला दोन गोष्टी विचारा. एएक्स २०१ सारखी कार्डे ठरावीक इंटेल चिपसेटवरच चालतात, दुसऱ्या मशीनमध्ये बसली तरी सुरू होत नाहीत. आणि २०१२-१३ पर्यंतचे काही थिंकपॅड व एचपी लॅपटॉप कंपनीने मंजूर केलेलेच कार्ड स्वीकारतात. दुसरे लावले तर थिंकपॅड सुरू होतानाच १८०२ क्रमांकाची चूक दाखवून थांबतो. अशा मशीनला यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल लावणे सोपे पडते. स्वस्त डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो, पण अर्ज भरायला आणि ऑनलाइन वर्गाला तेवढे पुरते.