पट्टी एक, हिशोब दोन

कॉलेजात असताना मोडनिंबच्या एका डाळिंब आडतीसाठी मी हिशोबाची वेबसाइट केली होती. साधं पीएचपी, एका पानात सगळं. क्रेट, वजन, भाव टाकायचा, हमाली-तोलाई वजा, की शेतकऱ्याची पट्टी तयार. पुढे हमाली क्रेटमागे एक रुपयानं वाढली. छापायच्या पानावर मी दर बदलला, मोबाइलच्या पानावर विसरलो. दुसऱ्या दिवशी एक काका एका हातात कागद अन् दुसऱ्या हातात फोन घेऊन उभे. 125 क्रेट, 125 रुपयांचा फरक.

"यातलं खरं कुठलं रं?"

एमव्हीसीचा जन्म जवळपास याच प्रश्नातून झालाय. नॉर्वेचे ट्रिग्वे रेन्सकॉग आधी जहाजबांधणीची सॉफ्टवेअर करायचे. 1978-79 मध्ये ते कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत गेले. मोठ्या कामाचं नियोजन एकच असतं, पण कुणाला ते वेळापत्रक म्हणून बघायचं असतं, कुणाला कामांचं जाळं म्हणून. म्हणून माहिती एका जागी, दाखवणं वेगळं. आपल्या भाषेत मॉडेल म्हणजे खतावणी, व्ह्यू म्हणजे पट्टी आणि कंट्रोलर म्हणजे मध्ये बसलेला दिवाणजी.

त्यांच्या स्मॉलटॉकमध्ये खतावणी बदलली की पडद्यावरच्या सगळ्या पट्ट्या आपोआप बदलत. वेबवर तसं नव्हतं. पान ब्राउझरला गेलं की सर्व्हरशी संबंध तुटला. त्यामुळे 2000 साली जावात आलेल्या स्ट्रट्सनं फक्त कामाची वाटणी उचलली, आणि सोबत एक्सएमएलच्या लांबलचक फायली आणल्या. 2004 च्या रेल्सनं त्या फेकल्या. नावं ठरलेल्या पद्धतीनं ठेवा, बाकी मी जुळवतो, हा त्याचा बाणा. मला तो थोडा आगाऊ वाटतो, पण पुढच्या लॅराव्हेलसकट अनेकांनी त्याच्याकडूनच शिकून घेतलं.

जँगोची गोष्ट मला जास्त आवडते. 2003 मध्ये कॅन्ससच्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कचेरीत तो घडला. बातमीदारांना मजकूर भरायला पडदे लगेच हवे असत, म्हणून मॉडेल लिहिलं की अ‍ॅडमिनची पानं फुकट मिळतात. गोंधळ एवढाच, की इतर ज्याला कंट्रोलर म्हणतात त्याला जँगो व्ह्यू म्हणतो. माझे दोन दिवस त्यातच गेले.

मी आडतीची साइट जँगोत पुन्हा लिहिली. दर एकाच जागी. पुढच्या हंगामात हमाली पुन्हा वाढली, एक आकडा बदलला, दोन्ही पानं जुळली. मी खूश. संध्याकाळी दिवाणजींनी मागच्या वर्षीची एक पट्टी उघडली. तिच्यातही नवी हमाली!

"अरे, दिलेली पट्टी बदलत नसती," ते एवढंच म्हणाले.

कुठल्याच ट्युटोरियलमध्ये मी हे वाचलं नव्हतं. दर आता प्रत्येक पट्टीबरोबर वेगळा साठवतो. नंतर मुंबईत रुषभ मेहतांनी सुरू केलेल्या ईआरपीनेक्स्टमागचं फ्रॅपे हे फ्रेमवर्क बघितलं. पायथनच, पण घडलेलं हिशोबाच्या कामात. तिथे कागद एकदा सबमिट केला की त्यातला आकडा सहजी बदलता येत नाही. चूक असेल तर तो रद्द करायचा आणि दुरुस्त प्रत नव्यानं काढायची. जुनी रद्द प्रत तशीच दिसत राहते.

दिवाणजींना ते दाखवलं. चष्मा वर करून ते म्हणाले, "हे कुणीतरी पेढीवर बसलेल्यानं केलंय."