पुरा गावचे शेण आणि एक राहिलेला रकाना

अर्थशास्त्रात एम. ए. करताना गॅरेट हार्डिन यांचा 1968 चा निबंध आम्हांस वाचावा लागे. सामायिक कुरण प्रत्येक जण स्वतःच्या लाभासाठी चारतो आणि अखेर ते सर्वांसाठीच उजाड होते, हा त्याचा मथितार्थ. पुढे शासकीय सेवेत हेच गृहीतक नकळत माझ्या टिप्पण्यांत उतरत राहिले. त्यास छेद देणारे उदाहरण मला बंगळूरच्या वास्तव्यात समजले.

तेथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांनी 1974 मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' हा उपक्रम सुरू केला. तुमकूर जिल्ह्यातील पुरा या लहानशा गावी सामुदायिक गोबरगॅस संयंत्र उभे राहिले. हेतू घरोघरी स्वयंपाकाचा गॅस देण्याचा होता. परंतु शेण अंदाजापेक्षा कमी भरले, गॅस पुरेना आणि योजना फसली.

एरवी अशी फाईल येथेच बंद होते. पुऱ्यात मात्र गावाची खरी निकड लक्षात घेतली गेली. ती होती पिण्याच्या पाण्याची. 1987 पासून तोच गॅस डिझेलच्या जोडीने इंजिनात वापरून वीज निर्माण होऊ लागली. त्या विजेवर पंप चालला, नळाला पाणी आले, घरांत दिवे लागले. शेण तोलून घेतले जाई, ते आणून देणाऱ्यास मोबदला मिळे आणि गॅस निघालेली मळी खतासाठी परत दिली जाई. असहकार करणाऱ्याचे पाणी व दिवे दोन्ही जाणार होते. म्हणजे सहकार्य न करण्यातला तोटा त्यातल्या फायद्याहून मोठा होता. रेड्डी यांनी यास सामायिकतेचे वरदान म्हटले.

याच बंगळूरचा कचरा वर्षानुवर्षे मावळ्ळीपुऱ्यात टाकला गेला. ग्रामस्थांच्या विरोधानंतर ते क्षेपणस्थळ 2012 मध्ये बंद झाले. त्यानंतर ओल्या कचऱ्यापासून गॅस व वीज मिळवण्याचे प्रकल्प शहरात वाढले. पण वर्गीकरण न केलेला कचरा संयंत्रास पचत नाही, हा अनुभवही आला.

अशाच काही प्रस्तावांवर मीही अभिप्राय दिले आहेत. क्षमता, भांडवली खर्च, अनुदान हे सर्व रकाने मी काटेकोरपणे तपासले. कचरा वेगळा करून देणाऱ्यास काय मिळणार, हा रकाना त्या नमुन्यात नव्हता. तो असावा, असे मीही कधी लिहिले नाही. पुऱ्यात हिशेबाची सुरुवात त्याच रकान्यापासून झाली होती.