खुर्चीबाहेरचे गोविंदभाई

मंडळी, एखादा पुढारी राजकारणातून बाजूला झाला, की पारावर हमखास प्रश्न निघतो, "आता ते करतात तरी काय?" कुणी शेती बघतात, कुणी पुन्हा बोलावणे येईल म्हणून वाट बघत बसतात. आपल्या औरंगाबादेत, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, एका माणसाने याचे निराळे उत्तर दिले. ते म्हणजे गोविंदभाई श्रॉफ.

१९११ साली जन्मलेले गोविंदभाई गणिताच्या उच्च शिक्षणासाठी कलकत्त्याला गेले होते. निजामी अंमलात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ साली बंदी आली. त्याच साली औरंगाबादेतून विद्यार्थ्यांची वंदेमातरम् चळवळ उभी राहिली. तिच्या पाठीशी गोविंदभाई होते. पुढे स्वामी रामानंद तीर्थांच्या बरोबरीने ते स्टेट काँग्रेसच्या जहाल गटाचे पुढारी झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली.

आता खरी गंमत बघा. लढणाऱ्यांच्या दाराशी सत्ता आली, तेव्हा गोविंदभाई काँग्रेसमधून बाहेर पडले. विचारांनी ते समाजवादाकडे झुकलेले. नव्या कारभाराशी त्यांचे जमेना. मंत्रिपद त्यांनी कधी घेतले नाही. स्वामीजी मात्र लोकसभेत गेले. १९५७ साली ते औरंगाबादहून निवडून आले.

मग गोविंदभाईंनी काय केले? १९१५ साली सुरू झालेल्या सरस्वती भुवन शिक्षणसंस्थेची धुरा त्यांनी वाहिली. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला, पण रेल्वे, पाटबंधारे, उद्योग यांत मागेच राहिला. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन झाले, आणि जनता विकास परिषदेच्या वतीने गोविंदभाई हिशेब मांडत राहिले. गणिताचा माणूस! आमच्यावर अन्याय झाला, एवढे म्हणून ते थांबत नसत. किती झाला, ते आकड्यांत सांगत. प्रादेशिक अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ साली आला. निजामाच्या काळची मनमाडची मीटरगेज रुंद व्हावी, ही मागणीही त्यांनी लावून धरली. वैधानिक विकास मंडळे १९९४ साली आली आणि २०२० साली त्यांची मुदत संपली. हे काही एकट्याचे यश नव्हे. पण मागणी विझू न देणे हेही एक कामच असते.

गुरुजी, मुलांना हे सांगताना दुसरी बाजूही सांगा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली झाला, तेव्हा गोविंदभाई विरोधात उभे राहिले. त्या वादात दलित वस्त्या जळाल्या, माणसे मेली. नामविस्तार व्हायला १९९४ साल उजाडले. गोविंदभाईंची ती भूमिका पुष्कळांच्या मनाला लागली, आणि ते दुखणे मोठेपणाच्या कौतुकाने झाकता येत नाही.

१९९२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००२ साली ते गेले. आता तुम्ही एक करा. आपल्या गावची शाळा, वाचनालय, पाण्याची योजना कुणाच्या खटपटीने झाली, ते मुलांना घरोघर विचारून वहीत लिहायला लावा. त्यांत सरपंच, आमदार किती आणि पद नसलेली माणसे किती, ते मुलांनाच मोजू द्या.