लग्नगडी

वारल्यांच्या लग्नात घराच्या कुडावर चौक लिहितात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, मधोमध पालघट देवी. चौक सवाशिणींनी लिहायचा आणि लग्न धवलेरीने लावायचं. हाच चौक आज साड्यांवर आणि चहाच्या कपांवर सर्रास दिसतो. एकेकाळी त्याच्यापुढे लग्न लावण्यापायी माणसं गहाण पडत, हे कपावर कुठून दिसणार!

लग्न म्हणजे ताडी आली, भात आला, पाड्याचं जेवण आलं. हातात दमडी नाही म्हणून कित्येक जोडपी लग्नावाचूनच संसार थाटत. पोरंबाळं झाल्यावर कधीतरी विधी उरकत. ज्याला तेवढा धीर नसे तो सावकाराच्या ओटीवर जाई. रक्कम फार तर शे-दोनशे रुपये. तेवढ्यासाठी नवराबायको दोघंही सावकाराच्या घरी राबू लागत. त्या माणसाला ठाणे जिल्ह्यात नाव होतं लग्नगडी. नावात लग्न असलं तरी लग्नाची बायकोही मालकाच्या कह्यात जाई. राबून कर्ज फेडायचं असं बोलणं असे. पण चोपडी सावकाराची, अक्षरंही त्याचीच, वारल्याचा नुसता अंगठा. बाप गेला की गड्याच्या जागी मुलगा.

हे सरकारला ठाऊक नव्हतं असं नाही. सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातल्या आदिवासींची पाहणी केली आणि लग्नगड्यांची हकिगत अहवालात नोंदवली. मूळची वारल्यांची जमीन तोवर सावकार-जमीनदारांच्या नावावर चढली होती. आपल्याच शेतात कूळ होऊन राहायचं, वर मालकाची वेठ फुकट करायची. पावसाळ्यात खावटी म्हणून भात उचललं, तर सुगीला दिढीने परत.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. उंबरगाव तालुक्यातली काही वारली मंडळी तिथे गेली आणि आपलं दुखणं सांगून आली. शामराव आणि गोदावरी परुळेकर मग तिकडे पोहोचले. गोदूताई पुण्याच्या, वकिलीची पदवी घेतलेल्या. वारल्यांच्या पाड्यांवर राहायचं, तर त्यांना बरंच काही नव्याने शिकावं लागलं. २३ मे १९४५ला झरी गावी परिषद झाली, सुमारे पाच हजार वारली जमले. ठरलं ते अगदी साधं होतं: वेठ करायची नाही, दिवसाला बारा आण्यांखाली कामाला जायचं नाही.

त्यानंतर जे घडलं, त्याला या सगळ्या हकिगतीत तोड नाही. लाल बावटा घेऊन वारल्यांचे जथे गावोगाव फिरले, जमीनदारांच्या दारात उभे राहिले आणि आतल्या लग्नगड्याला म्हणाले, चल घरी. तो निघाला. कर्जमाफीचा हुकूम नव्हता, कोर्टाचा निकाल नव्हता. काही आठवड्यांत पिढ्यान् पिढ्यांची चाल मोडली.

जमीनदार गप्प बसणार नव्हतेच. त्या भागातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या, अशी मागणी करून वारल्यांनी ऑक्टोबरात संप केला. त्याच सुमारास गोदूताईंच्या जिवाला धोका असल्याची आवई उठवली गेली आणि हजारो वारली तलवाड्याला धावले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगडसह पाच जण मेले. परुळेकरांवर जिल्हाबंदी आली, तरी लढा पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या मजुरीवर गेला. जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यात नानिवलीला पुन्हा गोळीबार, पुन्हा पाच बळी.

वेठबिगार बंद करणारा देशाचा कायदा आला १९७६ मध्ये, झरीनंतर एकतीस वर्षांनी. आणि तरीही १९८० नंतर विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला वसईत वेठबिगार सोडवण्याचंच काम हाती घ्यावं लागलं.

त्याच भागातल्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर आजही दिवाळीच्या आसपास वीटभट्टीवाल्यांचे टेम्पो येतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं असं सगळं एकाच टेम्पोत चढतं. आजारपण किंवा लग्न निघालं म्हणून भट्टीवाल्याकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच खर्ची पडलेली असते. भट्टीवर मोजतात ती जोडी, म्हणजे नवराबायको. हिशोब पाऊस तोंडावर आला की व्हायचा, मालकाच्या वहीत बघून.